जावयाचे बूट आणि रजबअलीचे हात

फरामर्जच्या अंगठ्याचं नख आधी निळं झालं, मग जांभळं, मग काळं, आणि एका सकाळी ते मोज्यातच राहिलं. त्यानं ते उचलून खिडकीत ठेवलं.

बायको म्हणाली, "जपून ठेवा. जावयानं दिलेल्या बुटांची पहिली कमाई आहे."

बायकोचं नाव तूबा. तिचं बोलणं असं की आमच्या शेमशक गावच्या चढावर बर्फ आधी तिला विचारून पडतो.

फरामर्ज स्की शिकवायचा. वरच्या उतारावर, जिथून खाली बघितलं की तेहरानची धीट माणसं अचानक चहाची आठवण काढतात. केस पांढरे झाले तरी त्यानं दुसरं काही केलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही त्याला येतही नव्हतं. त्याचे जुने बूट यंदा हिवाळा लागतानाच फुटले. प्लास्टिकला पण म्हातारपण येतं, आणि ते सांगून येत नाही. उतारावर असताना टाच मोकळी झाली आणि गुरुजी शिष्यांच्या पुढं पाठीवर घसरत खाली आले. शिष्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा पण एक धडा.

पोरीचं, नस्तरनचं, लग्न ठरलं होतं. होणारा जावई पयाम ऑस्ट्रियात नोकरीला. त्याच्या कानावर गेलं, आणि त्यानं तिकडून फोन केला.

"बाबाजान, पायाचं माप सांगा. इथून बूट पाठवतो."

आता माप सांगायला काय लागतं? दोन आकडे. पण आमच्याकडं तआरुफ नावाची एक गोष्ट आहे. कोणी काही देतो म्हटलं की आधी नाही म्हणायचं, परत नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा असं नाही म्हणायचं की समोरच्याला कळावं, आता हो आहे. शिकलेला, अडाणी, मुल्ला, खाटीक, सगळे करतात.

"अरे बाळा, कशाला त्रास? तू येशील तेच आम्हाला पुष्कळ."

"त्रास कसला, बाबाजान? माप सांगा."

"माझ्या पायाला कसलं आलंय माप? धूळ आहे ती तुमच्या वाटेवरची."

"बाबाजान, खरंच सांगा."

"तुझ्या हातून जे येईल ते माझ्या डोळ्यांवर."

फोन ठेवल्यावर तूबा म्हणाली, "डोळ्यांवरच घाला मग."

पयाम साखरपुड्याला येऊन परत गेला, आणि मग तिकडून बूट आले. लालभडक, चकाकणारे, गाडीच्या दुकानातल्या काचेत ठेवावेत असे. आणि दीड माप लहान. पोरानं हे माप कुठून काढलं ते कोणाला कळेना. विचारायची तर सोयच नव्हती. विचारणं म्हणजे चूक दाखवणं, आणि जावयाची चूक दाखवण्यापेक्षा अंगठा गेलेला परवडला.

स्कीचा बूट म्हणजे पायात घालायची टणक बादली. सैल असली तर स्की एकीकडं जाते आणि माणूस दुसरीकडं. घट्ट असली तर दोघं एकाच दिशेनं जातात, पण माणूस बोंबलत जातो. म्हणून बूट बसवून देणारा लागतो. जिथं हाड टोचतं तिथं तो प्लास्टिक तापवून बाहेर फुगवतो, आतलं अस्तर खरवडतो, पुढं जागा करतो. चांगला बसवणारा सापडला की माणूस त्याचं नाव पोरांना सांगून मरतो.

त्यात यंदा स्कीच्या उतारांवर नवा साहेब आला, मुहंदिस, म्हणजे इंजिनियर, तवक्कुली. आमच्याकडं इस्त्रीचा कोट घातलेला कोणीही मुहंदिस असतो, हा तर खरोखरचा होता, सिमेंटचा. त्यानं फर्मान काढलं: शुक्रवारी सकाळी सगळ्या शिक्षकांनी वरचा उतार त्याच्यासमोर न थांबता उतरून दाखवायचा. जो थांबेल त्याला खालच्या पोरांच्या पट्ट्यावर. पोरांचा पट्टा म्हणजे एक रबरी पट्टा सरकतो आणि त्यावर चार वर्षांची पोरं नाकं गाळत उभी असतात. फरामर्जनं डोळ्यासमोर स्वतःला तिथं उभं केलं, पोरांची नाकं पुसताना. आणि तो बसवणारा शोधायला निघाला.

पहिल्यांदा तेहरानला गेला. उत्तर भागात एक दुकान, आत संगीत, भिंतीवर हिमालय. तिथल्या दाढीवाल्या पोरानं त्याचा पाय काचेच्या यंत्रावर ठेवायला लावला. मोठ्या पडद्यावर फरामर्जचा पाय रंगीत होऊन उगवला, हिरवा, पिवळा, लाल, जसा हवामानाच्या बातम्यांतला नकाशा.

"काका, फार दुर्मिळ पाय आहे तुमचा."

"तुमची नजर मोठी, म्हणून."

"कुठं दुखतंय?"

दुकानात आणखी गिऱ्हाईकं होती. एक बाई तर कुत्रा घेऊन आली होती. अशा ठिकाणी माणूस सांगणार कसा?

"दुखत नाही हो. असंच, जरा."

पोरानं 'जरा'वर इलाज केला. बुटाच्या तळाला जाड गादी घातली आणि वर जाड मोजे दिले. म्हणजे आधीच मावत नव्हता तो पाय, त्याच्याबरोबर आता बिछाना पण आत राहायला आला. फरामर्जनं त्याला दुवा दिल्या आणि गाडीपर्यंत जावयाच्या लग्नात नाचतोय असा चालत गेला.

मग त्याच्याच बरोबरीचा शिक्षक जलाल म्हणाला, "इतकं लांब कशाला? बूट पाव भाजणाऱ्या नानवायाच्या तंदूरशेजारी ठेव. मऊ होतात."

ठेवले. मऊ झाले. इतके की डावा बूट दारू प्यायल्यासारखा कलला, आणि गावच्या पावाला दोन दिवस टायरचा वास आला. कोणी तक्रार केली नाही. उलट शेजारची म्हातारी नानवायाला म्हणाली, "आज पाव काही वेगळाच झालाय, हात दुखू नयेत तुझे." आमच्याकडं आभार असेच मानतात. नानवाया खूश. त्याला वाटलं, पीठच चांगलं आलंय.

"आता उस्ताद रजबअलीकडं जा," जलाल म्हणाला. "खालच्या गावात. सोन्याचे हात आहेत त्याचे. माझे बूट त्यानंच बसवलेत."

असं म्हणून जलाल लंगडत चहा आणायला गेला.

फरामर्जनं बर्फगाडीच्या ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, रजबअलीसारखा दुसरा नाही, आणि गाडीतून उतरताना "आई गं" म्हणाला. लिफ्टवाल्याला विचारलं. त्यानं रजबअलीचं कौतुक केलं ते एका पायावर उभं राहून. सगळ्या खोऱ्यात रजबअलीचं नाव होतं, आणि सगळं खोरं लंगडत होतं. पण दोन गोष्टी एकत्र आणून बघायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. फरामर्जच्याही नाही, तो काही आकाशातून पडला नव्हता, त्याच खोऱ्यातला.

रजबअली आधी गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करायचा. दुकानात अजून एक जुना दरवाजा भिंतीला टेकलेला होता. अंगानं रुंद, मिशा लोखंडाच्या. त्यानं आधी चहा दिला, मग खडीसाखर, मग लाल बूट हातात घेऊन 'बह बह' म्हणत वाहवा केली.

"जावयानं दिलेत," फरामर्ज म्हणाला.

"दिसतंय. प्रेम दिसतंय यात."

त्यानं गरम हवेचं यंत्र चालवलं, बुटाच्या पोटात लोखंडी ठोकळा घातला, दाबलं, थंड केलं आणि फरामर्जच्या पायात चढवलं.

"कसं वाटतंय, आगा?"

फरामर्जच्या घोट्यातून वीज निघाली ती थेट दाढेत गेली.

"जन्नत," तो म्हणाला.

"सांगा हो मोकळं. काही असेल तर परत करतो."

"तुमच्या हाताला नावं ठेवायची? जीभ जळेल माझी."

डोळ्यात पाणी होतं. रजबअलीला वाटलं, माणसाला भरून आलं. दोघांनी एकमेकांचे खांदे थोपटले.

बुधवारी परत गेला. "दुखत नाही, उस्ताद, सहज आलो, तुमचा चहा आठवला." रजबअलीनं दुसरीकडं फुगवलं, जिथं काहीच नव्हतं तिथं. परत जन्नत. जन्नतीत माणूस इतका घामेजतो हे मौलवी सांगत नाहीत.

गुरुवारी तूबा बरोबर आली. "उद्या परीक्षा आहे," ती वाटेत म्हणाली. "आज तोंड उघडा, नाहीतर मी उघडते."

पण दुकानात शिरताच तिलाही लागण झाली. रजबअलीनं तिच्यासाठी खुर्ची पुसली, डाळिंब फोडून पुढं ठेवलं, आणि ती म्हणते काय? "उस्ताद, घरी तुमच्या हातांशिवाय दुसरा विषय नाही." फरामर्जनं तिच्याकडं असं बघितलं की डाळिंबाचा दाणा तिच्या घशात अडकला.

रजबअली गुडघ्यावर बसला. बूट चढवला. वरची कडी ओढली. कडी बसेना. मग त्यानं आपला पत्रा ठोकणारा अंगठा लावला, श्वास घेतला आणि ढकलली.

"अरे कुत्र्याच्या पोरा! घोटा आहे तो माझा, अक्रोड नाही!"

तूबानं डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर घेतलं. फरामर्ज पांढरा पडला. उस्तादाच्या बापाला, त्याच्याच छपराखाली, त्याचाच चहा पिऊन. तो माफीसाठी हात जोडणार, तेवढ्यात रजबअलीनं विचारलं,

"आतला घोटा का बाहेरचा?"

"काय?"

"घोटा. आतला का बाहेरचा?"

"आतला," फरामर्ज पुटपुटला.

रजबअली तिथंच जमिनीवर बसला. "इतकी वर्षं झाली मला या धंद्यात. पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं, कुठं. पत्र्याचं बरं असतं, आगा, पोचा दिसतो. माणसाचा पोचा आत, आणि माणूस म्हणतो जन्नत. मी आपला अंदाजानं ठोकतो. या खिडकीतून बघतो, लंगडत जातात सगळे. आता, दुखतंय का म्हणून दोनदा कसं विचारू? म्हणजे पहिल्यांदा खोटं बोललात असं नाही का होत?"

"मग लोक परत येतात ते?"

"चहाला," रजबअली म्हणाला.

तूबा उठली आणि तिनं दार लावून घेतलं. "आता दोघं ऐका. या दाराच्या आत तआरुफ बंद. उस्ताद, तुम्ही दाबा. अहो, तुम्ही शिव्या द्या. आणि जागा सांगून द्या, नुसत्या नकोत."

मग काम सुरू झालं. रजबअली दाबायचा, फरामर्ज ओरडायचा. "गाढवाच्या नातवा, करंगळी!" करंगळीपाशी बूट फुगला. "तुझ्या मिशीला आग लागो, टाच!" टाचेचं अस्तर खरवडलं. तेहरानची गादी कात्रीनं कापून काढली. उस्ताद घामानं निथळत होता आणि हसत होता. "आणखी सांगा, आगा, बोला!" तंदूरनं कललेला डावा बूट सरळ करताना तर फरामर्जनं अशा शिव्या दिल्या की तूबा म्हणाली, "या कुठं शिकलात? घरी कधी ऐकल्या नाहीत."

बाहेर माणसं जमली. जलाल दाराला कान लावून उभा होता. दार उघडल्यावर त्यानं आत बघितलं. फरामर्ज दोन्ही बुटांत उभा होता, सरळ, आणि घामेजला नव्हता. जलालनं बाकावर बसून बूट काढला, पाय पुढं केला, आणि उस्तादाच्या खानदानावर सुरुवात केली.

शुक्रवारी फरामर्ज वरून सुटला आणि न थांबता खाली आला. त्याचं काय वर्णन करायचं? माणूस आपलं काम करत होता. पाय पायासारखा होता, बूट बुटासारखा, बस्स. खाली मुहंदिस तवक्कुली कोटाची बटणं लावून उभा होता. शेजारी पाहुण्यांत पयाम, सुट्टी काढून आलेला, आणि नस्तरन.

मुहंदिस पुढं आला आणि त्यानं फरामर्जचा हात दोन्ही हातांत घेतला. "आगा फरामर्ज, डोळे निवले. आता या वयात तुम्हाला वर पाठवून त्रास द्यायची आम्हालाच लाज वाटते. खाली पोरांना तुमची सावली मिळाली तर आमचं भाग्य."

म्हणजे नाकं पुसा. फक्त गुलाबपाणी शिंपडून. यावर म्हणायचं ठरलेलं असतं: तुम्ही म्हणाल तसं. फरामर्जच्या जिभेवर ते येऊन बसलं पण होतं.

"नको," तो म्हणाला. "मला वरच पाहिजे."

मुहंदिस थांबला. त्यानं पुढचं वाक्य शोधलं, ते सापडेना. तआरुफमध्ये साध्या 'नको'ला उत्तरच नाही, कोणी कधी बनवलं नाही.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "वर तर वर."

तूबानं लांबून हात वर केला. तिच्या हिशेबी ती फार मोठी शाबासकी.

मग पयाम धावत आला, त्यानं सासऱ्याच्या खांद्याचा मुका घेतला. "बाबाजान, बूट बसले ना? मी तर घाबरलो होतो. तुम्ही माप सांगेनात, म्हणून साखरपुड्याच्या दिवशी दारात काढलेल्या तुमच्या जोड्यावरून गुपचूप दोरीनं माप घेतलं होतं मी."

फरामर्जला साखरपुडा आठवला. त्याचे स्वतःचे जोडे लाज आणणारे होते, म्हणून तूबानं तिच्या भावाचे चकचकीत जोडे त्याला घालायला लावले होते. दारात काढेपर्यंत तो अंगणातल्या पाहुण्यांत बोटं दुमडून हिंडला होता. सगळे म्हणाले होते, बापाची चाल बघा, काय रुबाब.

"आणि बाबाजान," पयाम म्हणाला, "त्याच मापाचे चामडी बूट लग्नासाठी करायला टाकलेत. इटलीचे."

फरामर्जनं तोंड उघडलं. पोराचा चेहरा बघितला. पोराचे डोळे चमकत होते. नस्तरन बघत होती. एका दिवसात दोनदा खरं बोलणं आमच्या खोऱ्यात कोणाला झेपलेलं नाही.

"हात दुखू नयेत तुझे, बाळा," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांवर."

तूबा मागं खोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खालच्या गावात गेला. रजबअलीच्या दुकानापुढं रांग होती, आणि आतून लिफ्टवाला कोणाच्यातरी आजोबांबद्दल जोरात बोलत होता. फरामर्जनं खिडकीतून डोकं आत घातलं.

"उस्ताद, एक विचारायचं होतं. चामड्याला पण शिव्या लागू पडतात का?"