आचलनं थांबवलेलं पाणी

टिकारामच्या खापरपणज्यानं गावकऱ्यांना घेऊन बांधलेल्या तलावावर यंदा उन्हाळ्यात हिरवा थर धरला, कालवलेल्या रंगासारखा दाट. काठाशी पाणी प्यायलेल्या शेळ्या संध्याकाळपर्यंत मेल्या. गावाच्या नळांना पाणी याच तलावाचं. सरपंच दुलीचंदनं नळ बंद केले आणि ब्लीचिंग पावडरची पोती तलावात ओतायला काढली.

टिकारामची लेक आचल गोंदियाला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. ती मिळेल त्या बसनं आली आणि थेट पोत्यांपुढं उभी राहिली.

"काका, तलावात नोका टाकू! हे शेवाळ जितं हाय. क्लोरीननं ते फुटते अन् पोटातलं विष पाण्यात सोडते. आधी ते तुरटीनं तळाशी बसवू, पाणी वाळूतून गाळू. मंग गाळलेल्या पाण्यात क्लोरीन देऊ. ते उरलेलं विष तोडते, पण त्याले वेळ लागते."

"तवरक लोकायनं का प्यावं?" दुलीचंद भडकला.

"टँकर मागवा."

नळयोजनेची तुंबलेली वाळूची गाळणी टिकारामनंच माणसं लावून उपसली, धुतली. टाकी भरली, क्लोरीन पडलं, तरी आचल नळ सोडू देईना. या विषाची तपासणी गोंदियाला होत नव्हती, म्हणून नमुना नागपूरला गेला होता. बाया टाकीखाली रिकामे हंडे वाजवू लागल्या. "पोरीले शिकवून गावाले तहानेनं मारून राहिला का?" कोणीतरी टिकारामला तोंडावर विचारलं.

त्याचाही धीर सुटला. "बेटा, पाणी साफ दिसून राहिलं. सोडाले काऊन भेतेस?"

"विष डोळ्याले दिसत नाई, बाबा. रिपोर्ट आल्याबिगर मी सोडनार नाई."

एवढ्या गलक्यात तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. टिकाराम गेला आणि टाकीच्या व्हॉल्वला पाठ टेकून बसला. "माही पोरगी म्हणन तवाच खुलन," त्यानं जमलेल्यांना सांगितलं. मग कोणी पुढं आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून फोन आला. विष जवळपास नाहीसं झालं होतं, पाणी पिण्यालायक होतं. दुलीचंदनं स्वतः आचलला व्हॉल्वपाशी नेलं. "खोल, पोरी. तुह्याच हातानं."

त्या आठवड्यात नवेगाव बांधच्या बाजारात एरवी मुका वाटणारा टिकाराम मासळीवालीला बिनविचारता आधी तुरटी, मग वाळू, मग क्लोरीन असं सारं समजावत बसला. विषाचं नाव त्याला काही केल्या उच्चारता येईना. पण पोरीचं नाव त्यानं इतक्यांदा घेतलं की शेवटी मासळीवालीच म्हणाली, "समजलं ना भाऊ, आचल! आता मासोळी घेता का?"