बूट काढले तिथवर

"अन् तिथं बूट काढले," पंजाबराव म्हणाले. मग त्यांनी बशीत चहा ओतला आणि शांतपणे फुंकर घालत बसले.

ओट्यावरची माणसं वाट पाहत राहिली. शेजारच्या घरचे महादेवराव पुढे सरकले. त्यांची सून भावना पायरीवर बसली होती, तिनं मांडीवरच्या पोराला गप्प केलं.

"मंग?" महादेवरावांनी विचारलं.

"मंग काई नाई. याच्या पुढचं सांगता येत नाई."

"काहून?"

"तिथचा नेमच तसा हाय. ज्यानं पाह्यलं त्यानं सांगू नये, ज्यानं नाई पाह्यलं त्यानं इचारू नये."

आत स्वयंपाकघराच्या दाराशी पार्वताबाई खुर्चीवर बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी हातातली जुडी परातीत आपटली. बाहेर ऐकू जाईल अशीच आपटली.

पंजाबरावांना जपानहून येऊन आठवडा झाला होता. बूट काढण्यापर्यंतची गोष्ट तेल्हाऱ्यातल्या त्या गल्लीत आता पोरासोरांनाही पाठ झाली होती. नितेश, म्हणजे त्यांचा मुलगा, तिकडे कारखान्यात इंजिनिअर. त्यानं बापाला तिथल्या एका देवाच्या डोंगरावर नेलं. चढणाऱ्यांना पांढरे कपडे घालायला देतात. पुढे एक म्हातारा शंख फुंकत चालतो. पायऱ्या शेवाळलेल्या, दोन्ही बाजूंना आभाळाला टेकलेली झाडं. पहिल्या दिवशी ती झाडं तिघांच्या कवेत मावत होती, बुधवारपर्यंत त्यांना सहा माणसं लागू लागली. वर चढलं की धुकं, भर उन्हाळ्यात घळीत साचलेला बर्फ, आणि शेवटी एक लाकडी दरवाजा. "आपला पचमढीचा मोठा महादेव चढणं म्हणजे त्याच्यापुढं गच्चीवर जाणं हाय," असं पंजाबराव सांगत, आणि मग लगेच कान पकडून महादेवाची माफी मागत.

हा माणूस गप्प बसतो, हेच कोणाला खरं वाटत नव्हतं. त्यांच्या तोंडात कधी तीळ भिजला नव्हता. मेळघाटात एकदा त्यांना रानमांजर दिसलं होतं. ते सांगता सांगता बिबट्या झालं आणि गेल्या दोन-तीन वर्षांपासून चांगला पट्ट्यांचा वाघ होतं. असा माणूस एका लाकडी दरवाज्याशी बूट काढतो काय, आणि पुढे त्याची दातखीळ बसते काय!

लोकांचं ठीक होतं. लोक चहा पिऊन घरी गेले. पार्वताबाई कुठं जाणार?

खरं तर ती दोघंही जाणार होती. पासपोर्ट आले होते, सुनेनं, रागिणीनं, सासूच्या मापाचे बूटही घेऊन ठेवले होते. निघायच्या आधी अंगणात पार्वताबाईंचा पाय घसरला आणि घोटा मोडला. अकोल्याला नेऊन सळई बसवली. डॉक्टर म्हणाले, आता डोंगर-बिंगर विसरा. तिकीट वाया जाऊ नये म्हणून त्यांनीच नवऱ्याला बळंच पाठवलं. निघताना पंजाबराव खाटेशी येऊन उभे राहिले होते.

"मनाले लावून घेऊ नको वं. इथून तिथवर सारं सांगतो येऊन. तुले तुयाच पायानं चढल्यावानी वाटलं पाह्यजे."

पार्वताबाईंनी तो शब्द धरून ठेवला होता. त्यांची सासू म्हणायची, जाणाऱ्याले सारं पुन्य, आयकणाऱ्याले अर्धं. पंजाबराव वर्षानुवर्षं खांद्यावर त्रिशूळ घेऊन पचमढीच्या मोठ्या महादेवाला गेले. पार्वताबाई घरी राहिल्या. कधी म्हैस व्यालेली, कधी सासू आजारी, कधी नितेशची परीक्षा. नवरा आला की भाकरी थापता थापता यात्रा ऐकायची. त्यातल्या थापा वजा केल्या तरी पाव पुण्य पदरात पडत असेल, असं त्या म्हणायच्या आणि हसायच्या. या वेळी मात्र स्वतः जायचं होतं. ते गेलंच, आणि आता ऐकायचंही गेलं.

माणसं पांगल्यावर त्या काठी टेकत ओट्यावर आल्या.

"लोकाईले नका सांगू. मले तं सांगा."

"तुले कसं सांगू? त्या शंखवाल्या बुढ्यापुढं हात जोडून हो म्हटलं मी."

"अन् मले काय म्हटलं होतं?"

पंजाबराव कपबशा गोळा करू लागले. हे काम त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"सारा जनम थापा मारल्या जी तुमी," पार्वताबाई म्हणाल्या. "अन् धरम आठवला तो नेमका आताच?"

"मंग मारू का थाप? सोन्याचा देव होता म्हणू? हिऱ्याचे डोये होते म्हणू? आत्ता सांगतो. चालन तुले?"

ते चाललं नसतं. म्हणूनच पार्वताबाईंना जास्त राग आला. त्यांनी नितेशला फोन लावला, तर तोही म्हणाला, "माय, मीही हो म्हटलं होतं त्याईच्यापुढं." बाप तसा लेक. त्यांना रडू आलं. डोंगर राहिला म्हणून नाही. या घरातून कोणी कुठं गेलं की दारात उभं राहणारी आपणच, आणि या वेळी दाराच्या आत काय होतं तेही आपल्याला कळणार नाही, म्हणून. त्यांनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. ताट पुढ्यात ठेवायच्या ते आदळून.

अबोल्याच्या चौथ्या सकाळी त्यांना अंगणात खराट्याचा आवाज आला. पाहतात तर पंजाबराव धुण्याचा दगड घासत होते. काळा, रुंद, मधे थोडा खोलगट झालेला तो दगड त्यांनी घासून घासून स्वच्छ केला. मग चुलीवरचा गरम पाण्याचा मोठा गंज फडक्यानं धरून उचलून आणला आणि थोडं पाणी दगडावर ओतलं. चप्पल काढून स्वतः त्यावर उभे राहिले. डोळे मिटले.

"नाई," ते स्वतःशीच म्हणाले, आणि पुन्हा पाणी ओतलं. पुन्हा उभे राहिले. मग बादलीतलं थोडं गार पाणी गंजात घातलं. पार्वताबाई दारातून पाहत होत्या. माणूस कामातून गेला की काय असं त्यांच्या मनात आलं, आणि अबोला मोडला.

"काय करून राहिले जी?"

पंजाबरावांनी आणखी एकदा पाय ठेवून पाहिला. या वेळी मान हलवली, आणि येऊन पार्वताबाईंपुढे हात केला.

"चप्पल काढ."

पार्वताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग चप्पल काढली. भर अंगणात, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत, या माणसानं त्यांचा हात कधी धरला नव्हता. आता घट्ट धरला होता. त्यांनी आधी चांगला पाय ठेवला, मग सळईचा.

दगड कोमट होता, जिवंत अंगासारखा. पंजाबराव एका हातानं त्यांना सावरून दुसऱ्या हातानं तांब्या तांब्या पाणी सोडत होते. पाणी बोटांमधून वाहत होतं, टाचेखालून निघून पुन्हा येत होतं. घोट्यातला ठणका सैलावला. त्या तशाच उभ्या राहिल्या. कुठलंसं धुकं, कुठलासा शंख, एवढ्या दिवसांत ऐकलेलं सगळं आत्ता कुठं पायाखाली येऊन टेकलं होतं.

"अजी, तिथं…" त्या बोलू लागल्या.

पंजाबराव वळून कुंपणाकडे पाहू लागले. त्यांचे डोळे भरले होते. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. पार्वताबाईंनी तोंड मिटलं.

कुंपणापलीकडून भावनाचं डोकं वर आलं.

"काय चाललं हो काकू?"

"पाय शेकून राहिली."

भावना हसली. मग आवाज उतरवून म्हणाली, "काकू, खरं सांगा. बूट काढल्यावर काय होतं तिथं? तुमाले तं सांगतलंच असन काकाजीनं."

पार्वताबाई नवऱ्याच्या हाताचा आधार घेऊन दगडावरून उतरल्या. पदराच्या टोकानं पाय पुसले, आधी एक, मग दुसरा.

"इचारू नये बाई," त्या म्हणाल्या.