बुधीची ओळ

प्रविणने खोक्यातून निघालेली रुंद वायर कॉम्प्युटरच्या पाठीत दाबून बसवली, दोन्ही बाजूंचे स्क्रू बोटांनीच आवळले आणि मनगटाने कपाळावरचा घाम पुसला. खोकं विटेपेक्षा फार मोठं नव्हतं, पण उचलायला पाट्यासारखं जड. त्याच्या पोटात हार्ड डिस्क होती आणि त्या डिस्कवर सदतीस वर्षांपूर्वीची उधवा गावातली सगळी घरं.

"आता लागेल?" शुक्रीने विचारलं. ती दाराजवळच्या बाकड्यावर बसली होती, मांडीवर कागदांची पिशवी घेऊन.

"आधी खोकं चालू करायचं, ताई. ते नीट फिरायला लागलं की मग कॉम्प्युटर. उलट केलं तर याला ते दिसतच नाही."

त्याने खोक्याचं बटण दाबलं. पंखा घरघरला. आत काहीतरी टक् करून थांबलं, पुन्हा टक् झालं. डिस्क वर्षानुवर्षं पडून राहिली की चिकटते, हे त्याला ठाऊक होतं. त्याने खोकं दोन्ही हातांत धरलं आणि एकदाच झटक्यात मनगट वळवलं. मग तो आवाज आला. डास कानाशी यावा तसा बारीक, आणि तिथून चढत चढत एका उंचीवर जाऊन ठरलेला. शुक्रीने पदर कानावर ओढून घेतला.

ते बसले होते तो दवाखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. इथल्या डॉक्टरीणबाईंनी एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीत पाड्यापाड्यांवर फिरून घरटी नोंद केली होती, आणि ती टाइप करायला तलासरीहून वीस वर्षांचा प्रविण यायचा. पुढे बाई गेल्या. कागदांना वाळवी लागली. प्रविणने तलासरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. दवाखान्याची किल्ली मात्र त्याच्याकडेच राहिली, कारण परत कुणाला द्यायची हेच कुणी सांगितलं नाही.

शुक्रीला अंगणवाडीत मदतनीस व्हायचं होतं. नवरा गेल्यापासून ती वाडीवर चिकू तोडायला जात होती, आणि आता गुडघे साथ देत नव्हते. ऑफिसात म्हणाले, चाळिशीच्या आत असल्याचा जुना पुरावा आणा. आधार कार्डावर एक जानेवारी होती आणि साल कुणीतरी अंदाजाने टाकलेलं. जन्म घरात झालेला, शाळा पाहिलेली नाही. कुणीतरी तिला सांगितलं, बाईंच्या सर्वेत सगळी पोरं खुणांसकट लिहिली होती.

प्रविणने कॉम्प्युटर चालू केला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. त्याने फाइल उघडली. नावं सगळी इंग्रजी अक्षरांत, त्यानेच टाइप केलेली.

"वडलांचं नाव?"

"लहान्या. आई सोनूबाई."

तो एकेक ओळ खाली जाऊ लागला. शुक्रा, शुक्री, बुधी, सोम्या. वारावरून ठेवलेली तीच तीच नावं घरोघर, म्हणून बाईंनी ओळखखुणेचा वेगळा रकाना ठेवला होता. शेवटच्या रकान्यात एकच अक्षर. जिवंत असेल तर जे, मृत असेल तर एम. त्या वर्षी पावसाळ्यात गोवराची साथ आली होती. बाईंनी दुसरी फेरी केली, आणि प्रविणने फक्त ती शेवटची अक्षरं बदलली होती.

लहान्याचं घर सापडलं. प्रविणचा हात थांबला.

"काय झालं, दादा?"

"तुम्हाला बहीण होती?"

"नाही. मी एकटीच."

त्याने खुर्ची थोडी फिरवली, म्हणजे तिला पडदा दिसावा, जरी तिला वाचता येत नव्हतं. "इथं दोन मुली आहेत. शुक्री, वय चार. बुधी, वय दोन." पुढचं सांगायला त्याला जड गेलं. "त्यात शुक्री गेल्याचं लिहिलंय. गोवरात. बुधी जिवंत आहे."

शुक्री पडद्याकडे पाहत राहिली. डिस्कचा आवाज खोलीभर होता.

प्रविणने बोटांवर हिशोब केला. चार वर्षांची शुक्री आज एकेचाळिसावर गेली असती. दोन वर्षांची बुधी अजून एकोणचाळीस. "ताई, कधीकधी घरचे असं करतात," तो हळूच म्हणाला. "मोठी गेली की तिचंच नाव धाकटीला लावतात. तुम्ही बुधी असाल. तसं असेल तर तुमचं काम होतंय. मी इथून कागद काढून देतो."

तिने मान हलवली. मग विचारलं, "खूण काय लिहिलीय?"

"कुणाची?"

"दोघींची."

"बुधीची काही नाही. शुक्रीच्या डाव्या घोट्यावर भाजल्याचा डाग."

शुक्रीने वाकून लुगड्याचा काठ वर केला. घोट्याच्या आतल्या बाजूला, चिंचेच्या पानाएवढा, गुळगुळीत पांढुरका डाग होता.

प्रविणला खुर्चीत बसल्या बसल्या ती दुपार आठवली. हातात बाईंची चिठ्ठी, बाहेर पाऊस, शेवटची गाडी पकडायची घाई, आणि एकाखाली एक दोन ओळी. बोट एक ओळ वर राहिलं असणार. एकच अक्षर. एवढी वर्षं ते या खोक्यात तसंच बसून होतं.

"माझी चूक आहे," तो म्हणाला. "तुम्ही शुक्रीच. गेली ती बुधी."

हे ऐकून ती रडेल असं त्याला वाटलं होतं. तिने काठ खाली सोडला, नीट सारखा केला.

"आई रोज तिन्हीसांजेला कुडाच्या भिंतीपाशी उभी राहून हाक मारायची," ती म्हणाली. "बुधीऽ, ये गं घरी. मला वाटायचं, शेळीचं नाव असेल. पण आमच्याकडे शेळी नव्हती. विचारलं तर आई मला आत लोटायची."

"हं."

"मी कधी ओ दिली नाही. माझं नाव नव्हतं ना ते." ती थांबली. "पण ओ यायची, दादा. ताडांच्या बाजूनं. बारक्या पोरीची. ती आली की मगच आई दार लावायची."

बाहेर ऊन पांढरं पडलं होतं. रस्त्यावरून गुजरातकडे जाणारा एक टेम्पो गेला आणि त्याच्यामागे सगळं पुन्हा शांत झालं. प्रविणला पडद्याकडे बघावंसं वाटेना, आणि दाराकडे तर त्याहून नाही.

"तरी कागद काढतो मी," तो घाईने म्हणाला. "बुधीच्या नावाचा. चूक माझी, तुमची नोकरी का जावी? कोण बघतंय डाग?"

"नको."

"विचार करा, ताई."

"तिचं नाव मी घेतलं, तर ती कुठल्या नावानं येईल?"

त्याने कळफलक पुढे ओढला. "निदान हे दुरुस्त करतो. इथं जे, इथं एम."

"माझं करा दुरुस्त," शुक्री म्हणाली. "तिचं राहू द्या."

प्रविणने वळून तिच्याकडे पाहिलं. ती बाकड्यावरून उठून जवळ आली होती, पडद्यावर बोट टेकवून उभी होती, नेमकं खालच्या ओळीवर. कुठली ओळ कुणाची, हे त्याने तिला दाखवलेलं नव्हतं.

तो शुक्रीच्या ओळीवर गेला, एम पुसला, जे लिहिला. खालच्या ओळीला हात लावला नाही. फाइल जतन करायला सांगितली तशी खोक्यावरची लाल बत्ती लुकलुकली, एका अक्षराला लागावा त्याहून जास्त वेळ लुकलुकत राहिली. मग आवाज उतरू लागला. चढला होता तसाच, बारीक होत होत, आणि आत टक् करून थांबला. त्याने बटण दोनदा खालीवर केलं, खोकं उचलून फिरवलं. नुसता पंखा फिरत होता.

"गेलं?"

"गेलं. आता नाही चालायचं हे."

शुक्रीने पिशवी काखेत घेतली. उधवा नाक्यावर तिला चालत जायचं होतं, आणि उद्या सकाळी पुन्हा चिकूच्या वाडीवर. प्रविण तिला सोडायला दारापर्यंत गेला. पायरी उतरून ती थांबली, मागे वळली आणि रिकाम्या खोलीकडे बघून, घरातल्या माणसाला सांगावं तशा साध्या आवाजात म्हणाली,

"बुधी, चल गं."

लहान पोराला उंच पायरी उतरायला लागेल तेवढा वेळ ती तिथंच उभी राहिली. प्रविण नकळत दारातून बाजूला सरला. मग शुक्री चालू लागली, नेहमीपेक्षा सावकाश, एक हात अंगापासून थोडा दूर धरून.

ती ताडांच्या आड जाईपर्यंत त्याने दार लावलं नाही.