गळ्यात वीणा, मागे मांडव

बंडूजींनी माइक हातात घेतला तेव्हाच माझं डोकं फिरायला लागलं. बाबांची तेरवी होती, पंगत नुकतीच उठली होती, आणि आमच्या हिंगणीच्या मारुती देवस्थानाचे हे अध्यक्ष कळवळून सांगत होते, "तानबाजीनं देवापायी संसाराकडे कधी वळून पाह्यलं नाई. घरदार विसरून नामात रमलेला मानूस!" लोक माना डोलवत होते.

विसरून? माझ्या वेण्या घालून द्यायचे बाबा. पहाटे देवळात जाण्याआधी आईसाठी चूल पेटवून, चहा ठेवून जायचे. मी वर्ध्याला नर्सिंगला होते तेव्हा दर रविवारी एसटीनं डबा घेऊन यायचे आणि मी शेवटचा घास खाईपर्यंत समोर बसून पुटपुटत नाम घ्यायचे. हा माणूस घर विसरला म्हणे!

बंडूजींना देवळाच्या सभामंडपात बाबांचा फोटो लावायचा होता आणि खाली हेच शब्द कोरायचे होते. आईचा होकार तेवढा बाकी होता. माझा भाऊ अनुप कधीच हुरळला होता. "देवळात बापाचा फोटो म्हंजे केवढा मान, ताई," तो माझ्या कानाशी लागला.

मान! मी पाचवीत होते तेव्हाची गोष्ट सांगते, मग ठरवा. हनुमान जयंतीचा सप्ताह चालू होता. सप्ताहात वीणा जमिनीला टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून काढली की दुसऱ्याच्या गळ्यात, नाम चालूच. मांडवाबाहेर तर ती न्यायचीच नाही. त्या दुपारी बाबा वीणा गळ्यात घालून आपल्या पाळीच्या पहाऱ्यावर उभे होते आणि इकडे गोठ्यात चुलीचं इंधन काढताना आईला साप चावला. मी अनवाणी मांडवात धावत गेले. वीणा घ्यायला तिथं कुणी नव्हतं. बाबा तसेच निघाले. काका मोटारसायकल चालवत होता, मधे आई, तिला धरून मागे बाबा, गळ्यात वीणा. सेवाग्रामचा दवाखाना येईपर्यंत त्यांनी रामकृष्णहरी थांबवलं नाही.

आई वाचली. गावात मात्र सप्ताह खंडित झाल्याची बोंब उठली आणि याच बंडूजींनी ठराव केला, तानबाला पुन्हा वीणा द्यायची नाही. मरेपर्यंत दिली नाही. बाबा भजनात मागे, चपलांजवळ बसायचे. माझा तिळपापड व्हायचा, तर म्हणायचे, "देवाले तं ऐकू येते न, बाई."

मी उठले. "खोटं बोलून राह्यले तुमी," सगळ्यांसमोर म्हणाले. "संसारासाठी वीणा घेऊन धावले म्हणून तुमीच हाकललं न त्यायले?"

अनुपनं माझा हात ओढला. बंडूजी समजूतदारपणे हसले. त्या हसण्यानं माझ्या अंगाची लाही झाली. "गेलेल्याच्या चुका काढू नाई, ज्योत्स्ना. आमी ते पोटात घातलं. माफ केलं त्याले."

"माफ?" मी अनुपचा हात झटकला.

तेवढ्यात आई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "बंडूजी, त्या दिवशी यायचा, ज्योत्स्नाच्या बाबाचा, पहारा कवाच सरला होता. पुढचा पहारा कोनाचा होता?"

"आता इतक्या वर्षांनी कसं ध्यानात राहीन, वहिनी?"

"तुमचा होता. जेवून घरी झोपले होते तुमी. यायनंच मले सांगतलं, अन् कोनाले सांगजो नाई म्हने. चारचौघांत तुमची मान खाली जाईन म्हने."

मला हे ठाऊक नव्हतं. बंडूजींचा आला त्याहून जास्त राग मला बाबांचा आला. इतकी वर्षं चपलांजवळ बसून या माणसाची अब्रू झाकत होते! एकदा तरी बोलायचं होतं, बाबा.

"ते होते तोवर मी गप राह्यली," आई म्हणाली. "आता लिहा फोटोखाली, ते मांडव सोडून काऊन गेलते अन् कोन आलं नवतं. नाई तं फोटो घरीच राहीन."

बंडूजींनी माइक खाली ठेवला. अनुप उठला, हार घातलेला बाबांचा फोटो त्यानं खुर्चीवरून उचलला आणि बंडूजींच्या समोरून घरात नेला.