पाण्यानं धरलेलं विमान

त्या सकाळी उत्तर ब्रह्मदेशातल्या आमच्या इंदॉजी तळ्यावर एकही होडी नव्हती. जाळी गुंडाळून ठेवलेली, पाणवेली उपटून टाकलेल्या, बदकं हाकलून कुंपणात कोंडलेली. गावप्रमुख लुंग साम यांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "आभाळातनं पाहुणा येतोय. पाणी आरशासारखं दिसलं पाहिजे. कुणी वल्हं बुडवायचं नाही."

कुणी बुडवलं नाही.

पाहुणा म्हणजे टेहळणीचं विमान. कापडी अंगाचं, दोन माणसांचं. एरवी ते डोंगरांवरून जपान्यांच्या वाटा हुडकत फिरायचं. इंग्रजांच्या पलटणीनं त्याची चाकं काढून पोटाखाली दोन लांबट पोकळ होड्या बसवल्या, आणि ते जखमींना न्यायला पाण्यावर उतरू लागलं. आमच्या काठाला मात्र आज पहिल्यांदाच आलं होतं.

विमानाच्या शेपटीकडच्या पोकळीत माझा धाकटा भाऊ साइ लेंग निजवला होता. पलटणीला वाट दाखवताना त्याच्या मांडीत गोळी शिरली, त्याला चार दिवस झाले. पाय काळवंडत चालला होता. आज दवाखान्यात पोचला तर जगेल, असं पलटणीच्या जंगलातल्या डॉक्टरनं सांगितलेलं.

विमान धावलं. मागं पांढरी रेघ उठली, लांबत गेली, पण विमान काही पाणी सोडेना. वळून परत धावलं. पुन्हा तेच. जणू तळं त्याला पोटाशी घट्ट धरून म्हणत होतं, बस की रे थोडं.

विमान काठाला आलं. डेन्बी नावाचा गोरा वैमानिक खाली उडी मारून मोडक्यातोडक्या बर्मीत म्हणाला, "आणखी एकदाच धावेन. मग डोंगर ओलांडण्यापुरतंच तेल उरेल. नाहीच उठलं, तर याला उतरवून रिकामं न्यावं लागेल."

आतून साइ लेंग म्हणाला, "ताई, मला उतरव. मीच जड झालोय."

"गप. लहानपणी तुला कडेवर घेऊन आख्खा काठ फिरलेय. तेव्हा कुठं जड होतास?"

पण माझं लक्ष पाण्याकडं होतं. मासे हाकायला आम्ही अर्धचंद्र करून निघतो, बांबूनं पाणी झोडपत. पुढच्या होड्या पाणी हलवतात, तेव्हा मागची भरलेली होडीसुद्धा हलकी चालते. निवांत पाण्यात मात्र तिचा तळ चिकटून बसतो. हे हातांना ठाऊक असतं, तोंडानं कुणी बोलत नाही.

"लुंग, होड्या काढा," मी म्हणाले. "पाणी झोडपू या."

"डोकं फिरलं का तुझं? पाहुण्याच्या वाटेत चिखल करायचा?"

"तुमच्या आरशानंच पाहुण्याला धरून ठेवलंय!"

डेन्बीनं विचारलं, "काय म्हणतेय ही?" मी दोन्ही हातांनी पाणी थोपटून दाखवलं. तो कपाळावर हात मारून हसला. "तेच तर हवंय! लाटा हव्यात! उतरतानाही सपाट पाण्यात उंची कळेना, म्हणून आपटलो. मला वाटलं, तुम्ही विमानाला भिऊन होड्या लपवल्यात."

"भिऊन?" लुंग साम तांबडेलाल झाले. "आम्ही? अहो, मानानं वाट मोकळी ठेवली होती! ए, बघताय काय? बांबू घ्या!"

अठरा होड्या सुटल्या. दोन रांगा, मधे विमानापुरती वाट. सगळ्यांत पुढं लुंग साम, कमरेला लुंगी खोचून, बांबू असा आपटत होते की मासे काय, मगरीही पळाल्या असत्या. डाव्या रांगेत मी, उजव्या रांगेत जाऊबाई. पाणी चुरगळलं, हेलावलं, त्याचे हजार तुकडे झाले, प्रत्येक तुकड्यात एकेक सूर्य.

"हाण! आणखी हाण!" लुंग साम ओरडत होते.

विमान आमच्यामधून धावत आलं. पोटाखालची एक होडी पाण्यापासून सुटली. दुसरी लाटेवर आपटली, उसळली, आणि पाण्याचे थेंब गाळत विमान उठलं. माझ्या डोक्यावरून गेलं तेव्हा ते थेंब माझ्या तोंडावर पडले. मी पुसले नाहीत.

डोंगराच्या खिंडीतून ते पलीकडं गेलं तरी लुंग साम झोडपतच होते. जाऊबाई म्हणाली, "लुंग, गेलं ते! आता मासे तरी राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी खिंडीतून घरघर आली. कुणी हुकूम दिला नव्हता, तरी विमान दिसायच्या आधीच अठराही होड्या पाण्यावर होत्या. डेन्बी होड्यांमधे अलगद उतरला, बाहेर डोकावला आणि मला शोधून ओरडला, "पाय वाचला! सकाळी भात मागितला त्यानं!"

मी बांबू उचलला. काठावर पुढचा जखमी वाट बघत होता.