एकशे बारामधली विहीर

हरकत घ्यायला आलेली बाई स्वतःच्याच विरुद्धचा पुरावा पिशवीत घालून आली होती.

नाशिकला कोर्टासमोरच्या गल्लीत ॲडव्होकेट उज्वला मॅडमचं ऑफिस होतं. भौतिकशास्त्रात पदवी घेतल्यावर पुढं काय करायचं ते ठरेना, म्हणून वेदिका चार महिन्यांपासून मॅडमकडे जमिनींचे शोध घेत होती. कुणी जमीन विकत घेणार असलं की आधीच्या पन्नास-साठ वर्षांच्या नोंदी काढायच्या, एका मालकाकडून दुसऱ्याकडे जमीन कशी आली ते तपासायचं, आणि साखळी कुठं तुटत नसली तर तसा अहवाल लिहायचा. काम तिला आवडायचं. वर्गात प्रयोगाच्या वहीत आकडे जुळले की वाटायचं तसं समाधान इथंही मिळायचं.

नामपूरकडच्या एका गावातल्या गट नंबर एकशे बाराचे आकडे फारच छान जुळले होते. आजचा मालक धनराज, त्याच्याआधी त्याचे वडील, त्यांच्याआधी आजोबा हिरामण. क्षेत्र एक हेक्टर वीस आर, म्हणजे तीन एकर. विहीर एक. घेणारा लासलगावचा कांदा व्यापारी. कुणाची हरकत असेल तर चौदा दिवसांत पुराव्यासह कळवावं, अशी नोटीस पेपरात दिली होती. बाराव्या दिवशी लंकाबाई आली.

"माय, ती विहीर आमची शे," खुर्चीत टेकायच्या आधीच ती म्हणाली. "माझ्या आजेसासऱ्यानं खणेल शे. सासरे खंडेराव गेले, मालक गेले, आता मी एकटी तिच्यावर डाळिंब करते. नऊशे झाडं हायेत. आणि आमचा धनराज ती विकून राहिला, असं पुतण्यानं पेपरात वाचून सांगितलं."

"धनराज तुमचे कोण?"

"चुलत सासऱ्याचा नातू. मी त्याची काकू. लहानपणी माझ्याच हातची शेव खायचा, गाढव."

वेदिकाने तिच्या पिशवीतला सातबारा उघडला. गट नंबर एकशे तेरा. खंडेराव, मग त्यांचा मुलगा, मग लंकाबाई. क्षेत्र दोन हेक्टर पाच आर. विहिरीची जागा कोरी.

"लंकाबाई, तुमचा गट एकशे तेरा आहे. विकला जातोय तो एकशे बारा. आणि तुमच्या गटात विहीरच नाही."

"कागदात नाय. शेतात शे."

वेदिकाने पुन्हा सातबाराकडे पाहिलं. मग तिने नेहमीचा प्रश्न विचारला. "तुमचं शेत किती?"

"तीन एकर."

"इथं पाच लिहिलंय."

"लिहिणाऱ्याला काय जातं? मी रोज बांधाबांधानं फिरते. तीन शे."

ती गेल्यावर वेदिका मॅडमच्या केबिनमध्ये गेली. उज्वला मॅडम वीस वर्षं हेच काम करत होत्या आणि हरकत घेणाऱ्यांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

"हे लोक जमीन वाढवून सांगतात गं. लिही, हरकतीत तथ्य नाही."

"मॅडम, ह्या कमी करून सांगतायत. चक्क दोन एकर कमी."

मॅडमनी चष्मा काढला. "शिकलेल्या नसतील."

"आपलं शेत किती ते कळायला शिकावं लागतं?"

"शुक्रवारी अहवाल द्यायचाय. सटाण्याला जाऊन जुने कागद पुन्हा बघायचे तर बघ. पण कागदच बघ, वेदिका. शेतात काय आहे ते आपल्याला कुणी विचारलेलं नाही."

वेदिकाला हिशेब सरळ दिसत होता. तिने लिहिलेला अहवाल गेला की खरेदीखत होणार, मग मोजणी, मग व्यापाऱ्याचं कुंपण. ते कुंपण कागदावरच्या एकशे बाराभोवती पडणार होतं. लंकाबाई खरं बोलत असेल, तर ते तिच्या डाळिंबाभोवती आणि तिच्या विहिरीभोवती पडणार होतं.

सटाण्याच्या तहसील कार्यालयात तिने जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, मागवल्या. लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा सोडला तेव्हा धुळीने तिला चार शिंका आल्या. एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालची वाटपाची नोंद सापडली. हिरामण आणि खंडेराव, सख्खे भाऊ, वडील वारल्यावर वेगळे झाले. एकशे बारा हिरामणला, एकशे तेरा खंडेरावला. खाली दोघांचे अंगठे, मंजुरीची सही, शिक्का. कुठं खाडाखोडसुद्धा नव्हती.

ती गठ्ठा बांधायला निघाली होती. मग वाटलं, आलोच आहोत तर पिकांची पानंही बघू. प्रत्येक गटात दरवर्षी काय पेरलं होतं आणि त्याला पाणी कशाचं होतं, ते तलाठ्याने लिहिलेलं असायचं.

एकशे बारा, मालक हिरामण, विहीर एक. पीक बाजरी. पुढच्या वर्षी बाजरी. त्याच्या पुढच्या वर्षी मटकी. सगळं कोरडवाहू.

एकशे तेरा, मालक खंडेराव, विहीर नाही. पीक गहू. पुढच्या वर्षी उन्हाळी कांदा. पाण्याचं साधन विहीर.

वेदिकाने पानं पुढं उलटली, मागं उलटली. अठरा वर्षं तेच. ज्याच्याकडे विहीर, तो बाजरीवर भागवतोय. ज्याच्याकडे विहीर नाही, तो विहिरीच्या पाण्यावर कांदा काढतोय. पाणी एका कागदावर आणि पीक दुसऱ्यावर.

"भाऊसाहेब, असं कसं होईल?" तिने तिथल्या वयस्क कारकुनाला विचारलं.

त्याने पानाकडे न बघताच सांगितलं. "पूर्वी काही तलाठी शेतात जायचेच नाहीत, ताई. चावडीवर बसून विचारायचे, काय रे खंडू, काय पेरलं? खंडू सांगायचा गहू. मग खंडूच्या नावापुढं गहू."

म्हणजे पीक माणसाच्या मागून आलं होतं. विहीर मात्र जमिनीच्या मागून. आणि ही दोन्ही एका जागी नव्हती. आकडे चुकीचे नव्हते, तरी उत्तर येत नव्हतं. तिने बाहेर येऊन चहा घेतला आणि थेट धनराजला फोन लावला. तो नाशिकला सिडकोत राहायचा, अंबडला कंपनीत सुपरवायझर होता.

"विहीर?" धनराज हसला. "आमच्या शेतात कसली विहीर, मॅडम? माळ आहे नुसता. त्या व्यापाऱ्यानंही विचारलं, सातबारावर विहीर दिसते म्हणून. मी म्हटलं, असेल बुजलेली."

"आणि शेत किती?"

"पप्पा आयुष्यभर पाच एकर सांगायचे. ते गेल्यावर सातबारा काढला तर तीनच निघाले. म्हटलं चला, पप्पांना वाढवून सांगायची सवयच होती."

वेदिकाने फोन कानाला तसाच धरून ठेवला. एक बाई पाचाचे तीन सांगते, दुसऱ्याचा बाप तिनाचे पाच सांगायचा. दोघांचंही बोलणं आपापल्या कागदाशी जुळत नाही. आणि दोन्ही कागद तिने स्वतः तपासलेले, बरोबर.

"धनराजभाऊ, गुरुवारी गावाला याल का? जे शेत तुम्ही विकताय, ते मला पायानं दाखवा."

गुरुवारी सकाळी धनराजने तिला आणि आपल्या कुसाबाई आत्याला घेऊन थेट माळावर नेलं. मुरमाची जमीन, मधोमध एक बाभूळ. "हे आमचं," तो म्हणाला. वेदिकाने मोबाइलवर गटांचा नकाशा उघडला. निळा ठिपका एकशे तेरामध्ये उभा होता.

"आणि व्यापाऱ्यानं कुठलं शेत बघितलं?"

"दलालानं दाखवलं ना, नकाशा लावून. मी नव्हतो त्या दिवशी."

उत्तरेचा बांध ओलांडला की डाळिंबाच्या रांगा सुरू होत होत्या. लंकाबाई विहिरीच्या कठड्याला टेकून वाटच बघत होती. निळा ठिपका आता एकशे बारामध्ये आला.

"काकू," धनराज चाचरत म्हणाला, "मी तुमची विहीर विकत नव्हतो. आईशप्पथ. मी आमचा माळ विकत होतो."

"मग व्यापाऱ्याची माणसं माझी झाडं मोजून का गेली रे?"

त्याने वेदिकाकडे पाहिलं. वेदिका नकाशा पुन्हा बघत होती. कुसाबाई मात्र बाभळीपासून इथवर स्वतःशीच काही पुटपुटत आली होती.

"हे त्या वाटपाच्या अर्जामुळं झालं असेल, चैत्रातल्या," ती म्हणाली. "मी दहा वर्षांची होते. आमचा बाबा, हिरामण, सटाण्याला जाऊन अर्ज लिहून आला. लिहिणारा म्हणे, कोणाला कोणता नंबर ते आत्ताच सांगा, नायतर अर्ज घेत नाय. मग थोरल्याचं नाव पहिल्या नंबरापुढं, धाकट्याचं दुसऱ्या. दोघांनी अंगठे दिले, घरी आले."

"आणि मग?"

"मग काय, खरे वाटे महिन्याभरानं आखाजीच्या सणाला झाले. वाटे थोरल्यानं पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, हे आपल्यात पहिल्यापासून. बाबानं तीन एकर विहिरीसकट एकीकडं धरले, पाच एकर माळ दुसरीकडं. दोन्हींतलं एकेक ढेकूळ आणून ओट्यावर ठेवलं आणि पाठ फिरवली. खंडूकाकानं हे इथलं काळं ढेकूळ उचललं."

"अर्ज नाही बदलला?"

"कशाला?" कुसाबाईला प्रश्नच कळला नाही. "ढेकूळ उचललं होतं ना."

वेदिकाच्या डोक्यात अठरा वर्षांचा गहू आणि अठरा वर्षांची बाजरी एकदम आपापल्या जागी जाऊन बसली. पण धनराजचा चेहरा बघून तिला बरं वाटलं नाही. तो वेदिकाच्या हातातल्या सातबाराकडे बघत होता, मग विहिरीकडे, मग लांबवर पसरलेल्या लाल फुलांकडे.

"म्हणजे कागदावर ही विहीर माझी आहे," तो हळूच म्हणाला.

लंकाबाईने वेदिकाकडे पाहिलं. वेदिकाला दुसरं काहीतरी सांगायची फार इच्छा झाली.

"कागदावर, हो."

धनराजचा फोन वाजला. पडद्यावर व्यापाऱ्याचं नाव होतं. तो वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. लंकाबाईने पदर खोचला आणि नळी बदलायचं निमित्त करून ती पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिली, झाडाला हात लावून.

"पप्पा खोटं नव्हते सांगत," धनराज एवढंच म्हणाला. "पाचच होते."

मग त्याने वेदिकाच्या हातातून दोन्ही सातबारे घेतले. कठड्यावर शेजारी शेजारी पसरले, उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एक धोंडा ठेवला आणि पाठ फिरवली.

"काकू, या. उचला."

लंकाबाई रांगेतून बाहेर आली. दोन्ही कागद तिला सारखेच दिसत होते. ती वाकून बघत राहिली, मग वेदिकाला म्हणाली, "विहीर कोणत्यात शे गं?"

ते सांगणं नियमात बसतं की नाही, हे वेदिकाला ठाऊक नव्हतं. तिने कुसाबाईकडे पाहिलं. कुसाबाई म्हणाली, "सांग की. ढेकळाला रंग असतो, कागदाला कुठं असतो?"

वेदिकाने डावीकडे बोट केलं. लंकाबाईने एकशे बाराचा कागद उचलला, धनराजच्या नावाचा, आणि घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला.

"आता दोघांना कचेरीत जाऊन अदलाबदलीचा दस्त करावा लागेल," वेदिका म्हणाली. "तोवर ह्यातलं काहीच विकता येणार नाही."

"माळ कोण घेतंय आता?" धनराज म्हणाला. तिसऱ्यांदा वाजणारा फोन त्याने उचलला आणि बोलत बोलत बांधाकडे गेला. "नाही शेठ, विहीर नाही. नाही, बुजलेली पण नाही. दुसऱ्याची आहे."

वेदिका कठड्यावर बसून अहवाल लिहायला लागली. एकशे बारावर खंडेराव आणि त्यांच्या वारसांचा ताबा, इथपर्यंत पेन भराभर चाललं. पुढचा रकाना होता, ताबा कसा आणि कोणत्या तारखेस प्राप्त झाला. चैत्रातल्या अर्जाला तारीख होती, पण तो अर्ज तर उलटा होता. आखाजीच्या वाटपाचा कागदच नव्हता. तिने मॅडमना फोन लावला.

"तारीख कोणती लिहू, मॅडम? पन्नास वर्षांपूर्वीची, की आजची?"

"आज काय झालं?" मॅडमनी विचारलं.

वेदिकाने विहिरीकडे पाहिलं. लंकाबाई मोटर चालू करायला निघाली होती, आणि उरलेला कागद, त्याच्यावरच्या धोंड्यासकट, अजून कठड्यावर धनराजची वाट बघत होता. "आखाजीचे वाटे पुन्हा झाले, मॅडम," ती म्हणाली.