नाव गाळलेलं गाणं

त्या दिवशी कौतिकनाना ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. किरणने आपल्या बँडचं नवं गाणं लावून मोबाइल वडिलांच्या कानाशी धरला. गिटारींचा गडगडाट, बँडमधल्या हसीबचे ड्रम आणि त्यावर पोटातून ओढून काढलेला तिचा घोगरा आवाज.

"हाई वावरमा लाव," नाना म्हणाले. "डुकरं येवाव नहीत."

ती हसली. गाणं त्यांच्याच गोष्टीवर होतं. सातपुड्यातला एक मुका लाकूडतोड्या रानबाईकडे आवाज मागतो. ती त्याच्या भावाच्या गळ्यातला वाटा काढून त्याला देते. अट एकच: ज्याचा आवाज, त्याचं नाव गाण्याच्या शेवटी घ्यायचं. नाव गाळलं, तर रानबाई त्या भावाला घेऊन जाणार. नाना ही गोष्ट सांगत, तेव्हा शेवटी आपल्या बापाचं, झुलालचं नाव घेत. गोष्ट त्याची होती म्हणून.

गाणं संपलं. नानांचे हात थांबले.

"नाव कोठे शे?"

"शेवट लांबत होता नाना. ताल मोडत होता."

"ताल नही बेटी, सौदा शे तो."

गाण्यापाठोपाठ मोबाइलवर तिची मुलाखत लागली. असा आवाज कुठे शिकलात? "इंटरनेटवर," किरणचं उत्तर आलं. लहानपणी वावरातल्या माळ्यावर नानांच्या शेजारी उभी राहून ती डुकरांवर हाकारे घालायची.  नानांनी पुढची शेंग उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वावरातून त्यांचा हाकारा आला, नेहमीसारखा लांब. मग मध्येच तुटला. किरण धावली. नाना बांधावर पडले होते, तोंड उघडंच.

हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. किरणला ते पटलं. अशा अटींच्या गोष्टी तिने देशोदेशीच्या वाचल्या होत्या, त्यांनी माणसं मरत नाहीत हे तिला कळत होतं. तरी नंतर ते गाणं तिने एकदाही म्हटलं नाही.

जळगावच्या कार्यक्रमात लोक तेच मागायला लागले. पहिल्या रांगेत तिची आई, भागाबाई, पदर कानांवर दाबून बसली होती.

"दुसरं वाजवू या?" हसीबने विचारलं.

"नको. हेच."

ती म्हणत गेली. शेवट जवळ आला. नानांचं नाव घेतलं, तर सौदा खरा मानल्यासारखं होणार होतं. मग नानांना कुणी नेलं, आणि कुणामुळे, तेही मानावं लागणार होतं. नाही घेतलं, तर नाना त्या ओट्यावर तसेच गप्प बसून राहणार होते.

हसीबने शेवटच्या ठोक्यासाठी काठ्या उचलल्या. किरणने हात वर केला. सगळं थांबलं.

बांधावर तुटलेला हाकारा तिने घातला, पुरा, श्वास संपेपर्यंत. भागाबाईंच्या कानावरचा पदर खाली आला.

"हाऊ आवाज मना नही," किरण म्हणाली. "कौतिक झुलालना शे. मना नानाना."